खाशाबा जाधव: लाल मातीतल्या पैलवानाने मॅटवर ऑलिंपिक पदक कसं मिळवलं?

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिलं, असं विचारलं तर महाराष्ट्रात बरेच जण खाशाबा जाधव यांचं नाव सांगतील. 1952, हेलसिंकी, कुस्ती, कांस्यपदक. एवढी माहिती शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही असते.

पण एक प्रश्न फारसा विचारला जात नाही. सोलापूरकडच्या मंद्रूपपासून साताऱ्याकडच्या कराडपर्यंत कुठल्याही यात्रेत जा, कुस्तीचा फड भरतो तो मातीवर. खाशाबाही याच मातीत तयार झाले. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवर, म्हणजे मॅटवर होते आणि तिचे नियम अगदी वेगळे असतात. मग मातीतला हा पैलवान मॅटवर जगातल्या पहिल्या तिघांत कसा पोहोचला?

याचं उत्तर लंडन आणि हेलसिंकी या दोन ऑलिंपिकमधल्या चार वर्षांत सापडतं.

गोळेश्वरचा पोरगा

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. घर शेतकऱ्याचं. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, त्यामुळे पहिले वस्ताद घरातच मिळाले. अगदी लहान वयात वडिलांनी त्यांना कुस्तीला लावलं.

शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. तो काळ 1942 च्या चळवळीचा होता. सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं होतं. शाळकरी वयातले खाशाबाही चळवळीतल्या लोकांना मदत करत होते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कुस्तीसाठी यापेक्षा चांगलं गाव दुसरं नव्हतं. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला होता, खासबाग मैदान बांधलं होतं आणि पेठापेठांत तालमी होत्या. इथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारख्या जाणकारांचं मार्गदर्शन खाशाबांना मिळालं.

खाशाबांची उंची साधारण साडेपाच फूट आणि अंग सडपातळ. पैलवान म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो धिप्पाड देह येतो, तसे ते नव्हते. त्यांचं बळ पायांच्या चपळाईत होतं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. समोरच्याची मान बगलेत पकडायची, कंबर त्याच्या आत घालायची आणि झटक्यात त्याला खाली आणायचं. या डावात नुसत्या ताकदीपेक्षा योग्य क्षण साधणं महत्त्वाचं असतं.

माती आणि मॅट यांत नेमका फरक काय?

पुढची गोष्ट कळण्यासाठी हा फरक समजून घ्यायला हवा.

मातीतली पारंपरिक कुस्ती निकाली असते. समोरच्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली. त्यामुळे पैलवान एकमेकांचा अंदाज घेत बराच वेळ घालवू शकतात. खालच्या पैलवानाने अंग घट्ट धरून मातीला चिकटून राहणं, ही बचावाची चांगली पद्धत मानली जाते. माती मऊ असते, पाय थोडा रुततो आणि अंगाला लावलेल्या मातीमुळे पकडही वेगळी बसते.

मॅटवर पाय रुतत नाही, त्यामुळे हालचाल झपाट्याने होते. इथे वेळ मोजलेला असतो. त्या काळी फ्रीस्टाइल कुस्ती जास्तीत जास्त 15 मिनिटांची असे. तेवढ्यात कोणी चितपट झालं नाही, तर पंच विजेता ठरवत. म्हणजे नुसता बचाव करून चालत नसे, सतत पुढे होऊन डाव टाकणारा पैलवान पंचांच्या नजरेत भरत असे.

त्या वेळच्या ऑलिंपिकमध्ये आणखी एक नियम होता. प्रत्येक कुस्तीनंतर पैलवानांना दोषगुण मिळत. चितपट करून जिंकलं तर दोषगुण शून्य. पंचांच्या निर्णयावर जिंकलं, तरी एक दोषगुण खात्यात पडे. हरणाऱ्याला त्याहून जास्त मिळत. ठराविक दोषगुण जमले की पैलवान स्पर्धेतून बाद होई. म्हणून लवकर आणि स्पष्ट जिंकणं हेच फायद्याचं होतं. शिवाय लवकर संपलेल्या कुस्तीमुळे पुढच्या फेरीसाठी दम शिल्लक राहतो, हा फायदा वेगळाच.

लंडन 1948: पहिला धडा

1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांची सगळी कमाई मातीतली होती. मॅटवरची आंतरराष्ट्रीय कुस्ती त्यांच्यासाठी नवीन होती.

लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर नावाचे प्रशिक्षक भेटले. खाशाबांच्या पायांतली चपळाई गार्डनर यांच्या लक्षात आली आणि त्यांनी मॅटच्या नियमांच्या अंगाने त्यांची तयारी करून घेतली.

खाशाबा 52 किलोखालच्या फ्लायवेट गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. अखेर त्यांचा क्रमांक सहावा लागला. मॅटची सवय नसलेल्या पैलवानासाठी ही मोठीच गोष्ट होती.

आपल्याकडचे डाव मॅटवरही चालतात, हे खाशाबांना लंडनमध्ये कळलं. मात्र ते वेगाने, लागोपाठ आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून टाकावे लागतात, हेही त्यांनी तिथेच पाहिलं.

चार वर्षांची तयारी

आज जगातल्या कुठल्याही मोठ्या क्लबात हंगामापूर्वीच्या सरावाची वेगळी व्यवस्था असते. ऑस्ट्रेलियातल्या फूटबॉल क्लबांचे खेळाडू तर सामने सुरू होण्याआधी कित्येक आठवडे धावणं, व्यायाम आणि चढाईच्या रचनांचा सराव करतात. त्यांच्या मदतीला प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर असतात.

खाशाबांकडे यातलं काहीच नव्हतं. तालीम होती, वस्ताद होते आणि गावाकडचा खुराक होता. जोर, बैठका, हौदातली माती खणणं आणि मग एकामागून एक जोडीदारांबरोबर लढत, ही तालमीतली रोजची मेहनत. यातून ताकद आणि दम तयार होतो. लंडनमध्ये शिकलेल्या गोष्टी त्यांना याच मेहनतीत बसवायच्या होत्या.

दरम्यान वजनाचा गटही बदलला. हेलसिंकीसाठी ते 57 किलोच्या बँटमवेट गटात उतरणार होते. म्हणजे समोर येणारे पैलवान लंडनपेक्षा जड आणि ताकदवान असणार होते.

निवडीचा आणि पैशांचा पेच

एवढी तयारी करूनही हेलसिंकीचा रस्ता सरळ नव्हता. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आलं. हा निर्णय अन्यायाचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली. तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं आणि निवडीचा प्रश्न मिटला.

नंतर पैशांचा प्रश्न उभा राहिला. सरकारकडे मदत मागितली, पण जाण्यापूर्वी ती हाती आली नाही. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. गावकऱ्यांनी आणि ओळखीच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली.

त्या काळात 7,000 रुपयांत काय काय होऊ शकत होतं, याचा विचार केला की या निर्णयाचं वजन कळतं. पदक मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी राहतं घर पणाला लावलं होतं.

हेलसिंकी 1952: पदकापर्यंतच्या कुस्त्या

फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे जुलै महिन्यात फ्रीस्टाइल कुस्त्या झाल्या. भारताकडून कोल्हापूरचे केशव मंगावेही गेले होते. 62 किलो गटात त्यांचा चौथा क्रमांक आला आणि पदक अगदी थोडक्यात हुकलं.

खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चितपट केलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोलाही चितपट केलं. दोषगुणांचा नियम आठवा, म्हणजे या दोन कुस्त्यांचं महत्त्व लक्षात येईल. तिसरी कुस्ती जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी झाली. ती चितपटीवर सुटली नाही, पण पंचांचा निर्णय खाशाबांच्या बाजूने गेला.

मग उरले जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा राशिद मम्मदबेयोव. खाशाबा दोघांकडूनही हरले. इशीबरोबरची कुस्ती लांबली होती. या दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती त्यांना मिळाली नाही, आणि तिचा आग्रह धरायला भारताचा कोणी अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं.

पैलवानाने चार वर्षं तयारी केली होती, पण ऐन वेळी त्याची बाजू मांडणारं माणूस नव्हतं. अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, हे आता सांगता येणार नाही. इशीने सुवर्ण जिंकलं, मम्मदबेयोवने रौप्य आणि खाशाबांनी कांस्य. हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्णपदक होतं. खाशाबा कोणत्या दर्जाच्या पैलवानांत लढत होते, हे यावरून कळतं.

तारीख होती 23 जुलै 1952. यापूर्वी 1900 साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांना भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं मिळाली होती, पण तेव्हा देश इंग्रजांच्या ताब्यात होता. म्हणून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते खाशाबाच ठरतात.

मिरवणूक आणि कर्जफेड

परत आल्यावर कराडला त्यांची मिरवणूक निघाली. तिच्यात 151 बैलगाड्या होत्या, अशी आठवण आजही सांगितली जाते. एरवी थोड्या मिनिटांचं अंतर, पण गर्दीमुळे मिरवणुकीला कित्येक तास लागले.

सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी पहिलं काम केलं ते कर्ज फेडण्याचं. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. ऑलिंपिक पदक घेऊन आलेला पैलवान उसने पैसे परत करण्यासाठी पुन्हा लाल मातीत उतरला होता.

पोलिसातली नोकरी आणि शेवट

1955 साली खाशाबा मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचा विचार होता, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो मागे पडला. पोलिसांच्या स्पर्धांत ते खेळत राहिले, इतरांना शिकवत राहिले. बढती मिळायला मात्र बरीच वर्षं गेली. साधारण 27 वर्षं नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही पेन्शनसाठी त्यांना खेटे घालावे लागले.

14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. तेव्हा ते 58 वर्षांचे होते.

अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांची जयंती, म्हणजे 15 जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळली जाते. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचं नाव ऑलिंपिक निवास आहे.

आज या गोष्टीचं काय घ्यायचं?

खाशाबांनंतर भारताला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 44 वर्षं लागली. 1996 साली अटलांटामध्ये लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये जिंकलं. कुस्तीतलं पुढचं पदक तर 56 वर्षांनी, 2008 साली सुशील कुमारने बीजिंगमध्ये आणलं.

या मधल्या काळात आपल्याकडे ताकदीचे पैलवान नव्हते असं नाही. 1961 पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा होते आणि तिने कितीतरी मोठे मल्ल दिले. कमी पडली ती मॅटची सोय आणि परदेशी स्पर्धांचा अनुभव. खाशाबांना तो अनुभव लंडनमध्ये मिळाला आणि त्याचं फळ चार वर्षांनी हेलसिंकीत दिसलं.

आता महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. गावाकडच्या काही तालमींतही हौदाशेजारी मॅट आली आहे. मंद्रूपच्या यात्रेत कुस्ती बघणाऱ्या एखाद्या मुलाला पुढे ऑलिंपिकचं स्वप्न पडलं, तर मॅटवर पहिलं पाऊल टाकण्यासाठी त्याला लंडन गाठावं लागू नये. आणि तिथवर पोहोचण्यासाठी त्याच्या मास्तरांना घर गहाण ठेवावं लागू नये.