पावलोव्हचे कुत्रे आणि आपले कुत्रे

दारावरची बेल वाजली की घरातला कुत्रा भुंकून घर डोक्यावर घेतो. फिरायला न्यायची साखळी दिसली की नाचू लागतो, आणि प्राण्यांच्या दवाखान्याचे फाटक दिसताच पाय रोवून बसतो. या सवयी कशा जडतात, हे ज्यांच्या प्रयोगांतून कळले ते इव्हान पेत्रोविच पावलोव्ह श्वानप्रशिक्षक नव्हते. ते पचनक्रियेचा अभ्यास करणारे रशियन वैद्यक संशोधक होते.

पावलोव्ह यांचा जन्म १८४९ साली रशियातील रियाझान शहरात, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लहानपणी उंचावरून पडून जबर दुखापत झाल्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्यांना शाळेत जाता आले नाही. पुढे वडिलांप्रमाणेच धर्मशिक्षण सुरू झाले. मात्र मेंदूतील प्रतिक्षिप्त क्रियांवरचे सेचेनोव्ह यांचे लेखन वाचून त्यांची ओढ विज्ञानाकडे वळली. १८७० मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले आणि नंतर त्यांनी वैद्यकीय पदवीही घेतली.

जठररस कधी आणि किती पाझरतो, हे पाहण्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर नाजूक शस्त्रक्रिया केल्या आणि जखम भरल्यावर त्या प्राण्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. या कामासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर त्यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले होते. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच, कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटत होते. इतर कोणी ही प्रयोगातली अडचण मानली असती. पावलोव्ह यांनी तोच अभ्यासाचा विषय केला.

मेट्रोनोमची टिकटिक ऐकवून लगेच अन्न द्यायचे. असे काही वेळा केले की नुसत्या टिकटिकीने लाळ सुटते. याला अभिसंधान म्हणतात. टिकटिक वारंवार ऐकवूनही अन्न दिले नाही, तर लाळ हळूहळू थांबते. मात्र मध्ये विश्रांती गेली की ती थोडी परत येते, म्हणजे जुनी सवय पुसली जात नाही, फक्त दबते. सुधारलेला कुत्रा महिनाभराने पुन्हा बेलवर भुंकू लागला, तर तो हट्टी झाला असे नव्हे. सराव थोडा उजळावा लागतो.

त्यांच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. वर्तुळ दाखवले की अन्न मिळायचे, लंबवर्तुळ दाखवले की नाही. कुत्रा हा फरक सहज शिकला. मग लंबवर्तुळ वर्तुळासारखे दिसू लागेल असे बदलत नेले. फरक जवळजवळ दिसेनासा झाला तेव्हा एरवी शांत असलेला तो कुत्रा किंचाळू, धडपडू लागला, नळ्या चावू लागला. आधी येत असलेला सोपा फरकही त्याला ओळखता येईना. आज सोफ्यावर बसला म्हणून लाड आणि उद्या त्याच गोष्टीसाठी मार, असे झाले की घरातल्या कुत्र्याचीही अशीच कोंडी होते.

सप्टेंबर १९२४ मध्ये नेवा नदीच्या पुराचे पाणी लेनिनग्राडमधील प्रयोगशाळेत शिरले. पिंजऱ्यांत अडकलेल्या कुत्र्यांना कसेबसे वाचवण्यात आले, पण त्यांतले काही शिकलेले सारे विसरले. एका कुत्र्याची घडी हळूहळू बसली होती. दाराखालून थोडे पाणी आत सोडताच तो पुन्हा कोलमडला. भीतीने शिकवलेला धडा असा खोल जातो.

दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरणाऱ्या कुत्र्यावर ओरडून म्हणूनच उपयोग होत नाही. सणाच्या काही आठवडे आधीपासून फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावावा आणि त्याच वेळी आवडीचा खाऊ द्यावा. कुत्रा निवांत खात असेल तरच आवाज किंचित वाढवावा. खाणे थांबले, अंग आखडले, तर एक पायरी मागे यावे. बेलचेही तसेच. कोणी आलेले नसताना बेल वाजवावी आणि कुत्रा आपल्या चटईवर गेला की खाऊ द्यावा.

गुरगुरण्याबद्दल मारणे तर धोक्याचे. गुरगुरणे ही सूचना असते. माराने सूचना बंद होते, भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता चावू शकतो. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला, तर कान, दात, सांधे दुखत नाहीत ना, हे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. पावलोव्ह यांच्या प्रयोगांत अनेक कुत्र्यांनी वेदना सोसल्या आणि अनेकांचा जीव गेला. याची जाणीव त्यांनाही होती. त्यांच्याच इच्छेने १९३५ मध्ये संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३६ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. घरच्या कुत्र्यावर हात उगारण्याआधी त्याला नेमकी कशाची सवय जडली आहे हे पाहिले, तरी त्या मुक्या जिवांचे ऋण थोडे फिटेल.