पंडिता रमाबाईंचे उघडे दार

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस नवे नाही. केडगावच्या मुक्तिसदनाची हकीकत बहुतेकांच्या कानांवरून गेलेली आहे. म्हणून त्यांचे सर्व चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिलेले नाही. त्यांची वाणी व त्यांची प्रार्थना, एवढ्या दोन गोष्टींपुरतेच आम्ही लिहितो. आपल्या विश्वासाविषयी किती बोलावे, कोणासमोर बोलावे आणि कोणत्या शब्दांत बोलावे, हा प्रश्न प्रत्येक उपदेशकाला व प्रत्येक बायबलबाईला पडतो. रमाबाईंस तो जन्मभर पडला होता.

त्यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने पहाटेच्या वेळी लेकीस उठवून तीच विद्या तिच्या मुखी घातली. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरू लागले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, आणि ऐकणारे जे धान्य, फळे, पैसे पुढे ठेवितील त्यांवर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम होता. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांस संस्कृत कळत नसे. ते शब्द कानांवर पडले म्हणजे पुण्य लागते, एवढाच त्यांचा भाव. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात हा आधारही तुटला, आणि वडील, आई व बहीण अशी तिघे थोड्या थोड्या अंतराने निवर्तली. उरलेली भावंडे पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या.

यापुढील दिवस आम्ही झपाट्याने ओलांडतो. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला आणि १८८२त वैधव्य आले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, स्त्रियांच्या शिक्षणाविषयी सरकारी कमिशनापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली, इंग्लंडास गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मात्र आपण त्या दिवशी ख्रिस्ती धर्म स्वीकारिला खरा, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त आपणांस सुमारे आठ वर्षांनंतर सापडला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. एवढ्या विदुषीने हे उघडपणे कबूल करावे, याचे आम्हांस मोठे मोल वाटते.

अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली आणि पुढल्या वर्षी ती पुण्यास नेली. कोणाही मुलीवर ख्रिस्ती धर्म लादावयाचा नाही, तिने आपला आचार पाळावा, असा तेथील करार होता. सल्लागार मंडळात महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ होते.

बाई वर्गात धर्म शिकवीत नसत. परंतु सकाळी आपल्या खोलीत मनोरमेस घेऊन त्या प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. एरव्हीही ते दार मुलींकरिता उघडेच असे, कारण ज्यांस घरात कोणी जवळ केले नाही अशा त्या मुली बाईंस आई मानीत. हळूहळू एक एक मुलगी येऊन मागे बसू लागली. कोणी बोलावीत नसे आणि कोणी हाकलूनही देत नसे. ही गोष्ट बाहेर फुटली. वर्तमानपत्रांत काहूर माजले. बाईंनी दार लावून घेतले असते तर वादळ कदाचित शमले असते. त्यांनी ते लावून घेतले नाही.

दार लावून एकांती प्रार्थना करावी असे प्रभूनेच शिकविले आहे, अशी शंका एखादा वाचक घेईल. परंतु प्रभूचा तो बोल, लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांस आहे. येथे दार लावणे म्हणजे लोकांच्या भयाने विश्वास लपविणे झाले असते. ऑगस्ट १८९३त सल्लागार मंडळाने राजीनामा दिला, आणि सुमारे २५ मुलींस त्यांच्या पालकांनी काढून नेले. सदन जवळजवळ अर्धे रिते झाले. त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही; स्त्रियांसाठी त्यांनी पुष्कळ सोसले होते, आणि आईबापांनी भरवशाने लेकी पाठविल्या होत्या हेही खरे. परंतु परत नेलेल्या त्या मुलींपैकी कित्येकींच्या वाट्यास पुन्हा जुनेच जिणे आले असेल, हा विचार मनातून जात नाही. बाईंस तर तो किती जाचला असेल!

१८९६ साली लोणावळ्याच्या सभेस त्या आपल्या १५ विश्वासणाऱ्या मुली घेऊन गेल्या होत्या. तेथे त्यांनी देवाजवळ मागणे केले की, ह्या पंधरांच्या पंधरा पट दे. त्याच वर्षी मध्यप्रांतात दुष्काळ पडला. उपाशी मुलींचे हाल पाहून त्यांस आपले लहानपण आठवले, आणि त्यांनी सुमारे ३०० जणी आणिल्या. केडगावचे माळरान त्यांच्याच आश्रयाचे ठिकाण झाले. पुढल्या सभेपर्यंत मागितलेली २२५ ही संख्या पुरी झाली, असे बाईंनी लिहिले आहे.

१९०५च्या जानेवारीत त्यांनी मुक्तिसदनात रोज प्रार्थनेस बसणाऱ्या बायकांस पुढे बोलाविले. प्रथम ७० उठल्या. महिन्यांमागून महिने ती संख्या वाढत सुमारे ५०० झाली. जूनच्या अखेरीस एके सायंकाळी बाई योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत असता मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि बाईंस आपले भाषण थांबवावे लागले. ज्या वाणीने कलकत्त्याचे पंडित थक्क झाले ती तेव्हा मूक राहिली, आणि ज्यांस कालपरवापर्यंत अक्षरओळख नव्हती त्या बोलत्या झाल्या. ह्या गलक्यास पुष्कळांनी नावे ठेविली. परंतु त्याच मुली पुढे टोळ्या करून आसपासच्या गावी सुवार्ता सांगावयास जाऊ लागल्या.

खेड्यांतील ह्या बायकांस शास्त्र वाचून दाखविताना बाईंच्या ध्यानी आले की, चालू भाषांतरातील संस्कृत शब्द त्यांस उमगत नाहीत. म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरविण्यास आरंभ केला. सरस्वती ही पदवी ज्या भाषेने मिळाली, तिचेच शब्द त्या आता वेचून वेचून बाजूस ठेवीत होत्या. हे काम वर्षानुवर्षे चालले. कानांस ऐकू येईनासे झाले, १९२१ साली मनोरमा गेली, तरी लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूत निजल्या. तो ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यात छापून निघाला, आणि त्याचे खिळे मुक्तिसदनातील बायकांनीच जुळविले होते.