शब्दकोशकार डॉ. जॉन्सन

आमच्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेनंतर दर्शनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिण्याची चाल आहे : एक नवा शब्द, त्या तारखेस जन्मलेल्या एखाद्या थोर व्यक्तीचें नांव आणि एक वचन. १८ सप्टेंबर रोजीं ज्या विद्यार्थ्याची पाळी होती त्यानें तिन्ही जागीं एकच गृहस्थ आणून बसविला. जन्मदिवस डॉ. सॅम्युएल जॉन्सन याचा, शब्द ‘शब्दकोश’, आणि वचनहि जॉन्सनचेंच. आम्हांस त्याच्या कल्पकतेचें कौतुक वाटलें. परंतु मागाहून शोध करितां तें वचन जॉन्सनचें नव्हेच असें निघालें! या गृहस्थाच्या नांवावर इतरांचीं वचनें इतकीं खपतात कीं, खरें कोणतें व खोटें कोणतें हें निवडणें कठीण. सबब, त्याचें एकहि वचन न देतां केवळ चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन्सनचा जन्म इंग्लंडांतील लिचफील्ड या गांवीं १७०९ सालीं झाला. बाप मायकेल हा पुस्तकांचा व्यापारी. मूल जन्मतःच अशक्त. त्यांत गंडमाळांचा विकार जडून मानेवर व्रण राहिले व एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली. राजहस्ताचा स्पर्श झाला असतां हा रोग बरा होतो अशी त्या काळीं तिकडील लोकांची समजूत असे. म्हणून आई त्याला तान्हेपणींच लंडनला अ‍ॅन राणीकडे घेऊन गेली. राणीनें हात लाविला व गळ्यांत बांधावयास एक सोन्याचा तुकडा दिला. रोग मात्र गेला नाहीं. (आपल्याकडील अंगारेधुपाऱ्यांस हंसणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.) तो तुकडा जॉन्सननें जन्मभर अंगावर वागविला.

बापाचें दुकान हीच त्याची खरी शाळा. हातीं येईल तें पुस्तक अधू डोळ्याशीं धरून तो वाची, आणि वाचलेलें विसरत नसे. १७२८ सालीं तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजांत गेला; परंतु पैशाच्या अभावीं तेरा महिन्यांतच त्याला पदवीवांचून परतावें लागलें. तेथें असतां त्याच्या फाटक्या जोड्यांतून पायाचीं बोटें दिसत. कोणा दयाळू माणसानें गुपचूप नवे जोडे त्याच्या दारापाशीं ठेविले, ते त्यानें रागानें फेंकून दिले. दारिद्र्य त्यानें सोसलें. दारिद्र्याची कींव केलेली त्याला सोसवत नसे.

हाच अभिमान एकदां बापाच्या वाट्यालाहि आला. युटॉक्सीटर नांवाच्या गांवच्या बाजारांत मायकेल पुस्तकांचें दुकान मांडीत असे. एकदां प्रकृति बरी नव्हती म्हणून त्यानें मुलाला आपल्याऐवजीं जावयास सांगितलें. मुलगा गेला नाहीं. पुढें १७३१ सालीं बाप कर्जबाजारी स्थितींत वारला. या गोष्टीकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

पदवी नाहीं, चेहऱ्यास झटके येण्याची खोड, अशा तरुणास शिक्षकाची नोकरी कोण देणार? पंचविसाव्या वर्षीं त्यानें एलिझाबेथ पोर्टर या विधवेशीं विवाह केला. ती त्याच्याहून वीस वर्षांनीं मोठी होती. तिच्या पैशानें त्यानें एडियल येथें स्वतःची शाळा काढली. शाळेंत मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. एक-दीड वर्षांत शाळा बंद! आम्हां शिक्षकांस ही हकीकत वाचून एक प्रकारचा दिलासा मिळतो. त्या मुलांत डेव्हिड गॅरिक नांवाचा एक विद्यार्थी होता. १७३७ सालीं गुरु व शिष्य असे दोघे बरोबरच दैव आजमावण्यास लंडनला निघाले. शिष्य थोड्याच वर्षांत इंग्लंडांतील पहिल्या प्रतीचा नट झाला. गुरु मासिकांतून मिळेल तें लिहून पोट भरीत राहिला.

१७४६ सालीं लंडनच्या कांहीं पुस्तकविक्यांनीं त्याजकडून इंग्रजी भाषेचा मोठा कोश करून घेण्याचा करार केला. मोबदला १५०० गिनी. त्यांतूनच मदतनिसांचा पगार द्यावयाचा. फ्रान्सांत चाळीस विद्वानांच्या मंडळानें अर्धशतकाहून अधिक काळ खपून १६९४ सालीं आपला कोश प्रसिद्ध केला होता. आपण तीन वर्षांत काम उरकूं असें जॉन्सनला वाटलें. लागलीं जवळजवळ नऊ.

गॉफ स्क्वेअरमधील त्याचें घर अद्याप उभें आहे. त्याच्या माळ्यावर सहा कारकून बसत. पैकीं पांच स्कॉटलंडचे, आणि स्कॉच लोकांची थट्टा करण्यांत जॉन्सनचा हात धरणारा कोणी नव्हता! कामाची रीत अशी. जॉन्सन जुने ग्रंथ घेऊन वाचावयास बसे. एखादा शब्द ज्या वाक्यांत चांगला वापरलेला दिसे त्या वाक्यास तो शिसपेनीनें खूण करी, शब्दाखालीं रेघ ओढी व समासांत त्याचें आद्याक्षर लिही. मग कारकून तें वाक्य चिठ्ठीवर उतरून घेत. ज्यांनीं आपलीं पुस्तकें विश्वासानें उसनीं दिलीं, त्यांना तीं परत मिळालीं तेव्हां काय वाटलें असेल याची आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांस कल्पना येईल.

शब्दाचा अर्थ आपल्या मनानें ठरवून सांगणें सोपें. परंतु जॉन्सननें प्रत्येक अर्थास साक्षीदार आणून उभा केला. आपल्या ‘घेणें’ या क्रियापदाचेंच उदाहरण घ्या. पुस्तक हातांत घेतात, विश्रांति घेतात, एखादी गोष्ट मनावर घेतात, आणि चुकलेल्या मुलास मास्तर फैलावर घेतात. शब्द एक, अर्थ निरनिराळे. याच अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाचे १३४ अर्थ जॉन्सननें वेगळे काढले. अशा रीतीनें ४२,७७३ शब्द आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ सुमारें १,१४,००० उतारे त्या कोशांत आले. शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बेकन व पवित्र शास्त्र हीं त्याचीं आवडतीं भांडारें. केवळ शब्द पाहावयास आलेल्या वाचकाच्या हातीं जातांजातां एक चांगला विचारहि पडावा, असा त्याचा हेतु होता. हॉब्ज या तत्त्ववेत्त्याचीं मतें त्याला धर्मास घातक वाटत, म्हणून त्याचा उतारा घ्यावयाचा नाहीं असें त्यानें ठरविलें. आम्ही स्वतः ख्रिस्ती असलों तरी कोशकारानें असें करावें कीं नाहीं याविषयीं आमच्या मनांत संशय आहे. शब्द सर्वांच्या मालकीचे असतात.

कोशांत चुकाहि होत्या. घोड्याच्या पायाच्या एका भागाचा अर्थ त्यानें गुडघा असा दिला. एका बाईनें कारण विचारितां, हें केवळ अज्ञानामुळें घडलें असें त्यानें सरळ कबूल केलें.

या कामाची आंखणी त्यानें १७४७ सालीं लॉर्ड चेस्टरफील्ड या सरदारास उद्देशून प्रसिद्ध केली होती. सरदारसाहेबांनीं सात वर्षें विशेष लक्ष दिलें नाहीं. आणि कोश तयार होत आला असें पाहून वर्तमानपत्रांत त्याची स्तुति लिहिली. जॉन्सननें १७५५ च्या फेब्रुवारींत त्यांस पत्र पाठवून, वेळ गेल्यावर आलेल्या या कृपेची आपणांस गरज नाहीं असें शांतपणें कळविलें. सरदारांच्या आश्रयावांचून लेखकाचें चालत नाहीं असें मानणाऱ्या त्या काळांत हें पत्र लिहिणें लहानसहान धैर्याचें काम नव्हतें. त्याच वर्षाच्या १५ एप्रिल रोजीं कोश दोन प्रचंड भागांत बाहेर पडला. ज्या ऑक्सफर्डनें पूर्वीं त्याला रिकाम्या हातानें जातांना पाहिलें, त्यानेंच आतां एम्. ए. ची पदवी दिली, व ती कोशाच्या मुखपृष्ठावर छापतां आली. परंतु हें पाहावयास त्याची पत्नी उरली नव्हती. ती तीन वर्षांपूर्वींच, १७५२ च्या मार्चांत वारली होती. तिची विवाहाची अंगठी त्यानें जपून ठेविली, आणि तिचा मृत्युदिन तो दरवर्षीं प्रार्थनेंत घालवी.

कीर्ति आली, पैसा आला नाहीं. पुढच्याच वर्षीं पांच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जासाठीं त्याला अटक झाली, व कादंबरीकार रिचर्डसन यानें सहा गिनी धाडून त्याला सोडविलें. १७५९ सालीं म्हातारी आई वारली, तेव्हां तिच्या उत्तरक्रियेचा खर्च भागविण्यासाठीं त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळीं बसून ‘रासेलस’ ही कथा लिहिली. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं तिचें मराठी भाषांतर आरंभिलें व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं तें पुरें केलें. विष्णुशास्त्र्यांनीं ‘निबंधमालें’त जॉन्सनवर विस्तृत निबंधहि लिहिला आहे; वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो अवश्य वाचावा.

१७६२ सालीं राजाकडून ३०० पौंडांचें वार्षिक वेतन मिळूं लागलें, तेव्हां ददात मिटली. दुसऱ्या वर्षीं बॉस्वेल भेटला. जॉन्सनचें बोलणें टिपून ठेवून त्यानें १७९१ सालीं जें चरित्र प्रसिद्ध केलें त्यामुळें जॉन्सन घरोघर पोंचला. आम्हांस मात्र त्याच्या वादविवादांपेक्षां त्याचें घर अधिक पाहण्याजोगें वाटतें. त्या घरांत अ‍ॅना विल्यम्स नांवाची अंध बाई होती, गरिबांना औषध देत हिंडणारा लेव्हेट होता, आणि इतरहि निराश्रित होते. तीं एकमेकांशीं भांडत, व जॉन्सन सर्वांचें सोशी. जमेका बेटांत गुलाम म्हणून जन्मलेला फ्रॅन्सिस बार्बर त्याची पत्नी वारल्यावर थोड्याच दिवसांनीं त्याजकडे आला. जॉन्सननें स्वखर्चानें त्याला शाळेंत घातलें, आणि मृत्युपत्रांत त्याच्यासाठीं वर्षास ७० पौंडांची तजवीज करून ठेविली. गुलामगिरीचा तर तो उघड शत्रु होता.

अशा या पुरुषाला स्वतःचा जन्मदिवस मुळींच आवडत नसे! १७७३ सालीं तो बॉस्वेलबरोबर स्कॉटलंडच्या बेटांत फिरत असतां बॉस्वेलनें त्या दिवसाची आठवण केली, तीहि त्याला रुचली नाहीं. तो दिवस आला कीं, वर्ष कसें गेलें व काय करावयाचें राहिलें याचा हिशेब तो देवापुढें मांडी.

त्या हिशेबांतील एक बाब फार जुनी होती. १७८४ सालीं, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, लिचफील्ड येथें एका तरुण पाद्र्यापाशीं त्यानें ती सांगितली. बापाची आज्ञा मोडल्याला सुमारें पन्नास वर्षें झाल्यावर तो एके दिवशीं युटॉक्सीटरला गेला होता. हवा वाईट होती. जेथें त्याच्या बापाचें पुस्तकांचें दुकान मांडलेलें असे, त्या जागीं तो टोपी काढून उभा राहिला, आणि भर पावसांत बराच वेळ तसाच बोडक्या डोक्यानें उभा होता. त्याच वर्षाच्या १३ डिसेंबरास तो लंडन येथें वारला.