चंद्र वाळवंटात आणणारा माणूस

जुलै १९६७. माणसाचं पाऊल चंद्रावर पडायला अजून दोन वर्षं होती. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफ गावाबाहेर, सिंडर लेक नावाचं एक उजाड मैदान आहे. नावात लेक असला तरी पाण्याचा पत्ता नाही. सगळीकडे काळी, भुसभुशीत ज्वालामुखीची खडी. तिथे काही लोक खड्डे खणून त्यात स्फोटकं भरत होते. मग एकामागून एक धडाम्‌धूम! धूळ बसली तेव्हा मैदानात लहानमोठे ४७ खड्डे तयार झाले होते.

तुम्हाला वाटेल, हा काय उद्योग? पण त्यातला एकही खड्डा उगाच पाडलेला नव्हता. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने ‘शांतीसागर’ या भागाचे फोटो पाठवले होते. त्यातला एक तुकडा निवडून, त्यात जिथे जेवढं विवर तिथे तेवढाच खड्डा, असा ५०० फूट लांब आणि ५०० फूट रुंद चंद्र जमिनीवर उतरवला होता. अंतराळवीरांनी चंद्रावर रस्ता चुकू नये म्हणून आधी इथे चालून बघायचं, नकाशा वाचायचा, अवजारं वापरायची.

हे काम करणारी संस्था ज्याने उभी केली, त्याचं नाव युजीन शूमेकर. सगळे त्याला जीन म्हणायचे. त्याला स्वतःला चंद्रावर जायचं होतं. अगदी मनापासून.

कोणालाही न सांगितलेलं स्वप्न

जीनचा जन्म १९२८ चा, लॉस एंजेलिसचा. लहानपणापासून दगड गोळा करायचा नाद. पोरगा इतका हुशार की सोळाव्या वर्षी कॅलटेकमध्ये दाखल झाला आणि एकोणिसाव्या वर्षी पदवी हातात. १९४८ मध्ये तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात, म्हणजे यूएसजीएसमध्ये लागला. काम होतं कोलोरॅडो आणि युटाच्या ओसाड पठारांवर युरेनियम शोधण्याचं.

त्याच काळात रॉकेटच्या चाचण्यांबद्दल वाचून त्याच्या डोक्यात एक विचार पक्का झाला. माणूस चंद्रावर जाणार, आपल्या हयातीत जाणार. आणि तिथे दगडधोंड्यांशिवाय आहे काय? मग जायला भूशास्त्रज्ञच हवा. तो मीच का नसावा?

तारीख लक्षात घ्या. स्पुटनिक उडायला अजून नऊ वर्षं होती, नासा जन्मायला दहा. असं काही बोललं असतं तर लोकांनी येड्यात काढलं असतं. म्हणून त्याने ते फारसं कुणाला सांगितलं नाही. गुपचूप तयारीला लागला.

उलटे थर

फ्लॅगस्टाफपासून गाडीने तासाभराच्या आत एक प्रचंड खड्डा आहे, मीटिओर क्रेटर. रुंदी सुमारे १.२ किलोमीटर, वय सुमारे ५० हजार वर्षं. हा कशाने झाला यावर जुना वाद होता. यूएसजीएसच्याच एका मोठ्या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात निकाल दिला होता की जमिनीखालच्या वाफेचा स्फोट. उलट डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणमालकाला खात्री होती की इथे उल्का पडली आणि तिचं लोखंड खाली गाडलं गेलंय. त्याने आयुष्याची २७ वर्षं आणि सगळा पैसा त्या खड्ड्यात घातला. लोखंडाचा साठा काही मिळाला नाही.

जीनने वेगळं डोकं लावलं. नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे पडलेले खड्डे त्याने पाहिले होते. तिथे काठावरचे थर मागे दुमडले गेले होते, आपण पांघरुणाची कड उलटी टाकतो तसे. म्हणजे खालचा थर वर आणि वरचा थर खाली. मीटिओर क्रेटरच्या काठावर त्याने एकेक थर मोजून नकाशा काढला, तर तिथेही तोच उलटा क्रम! वाफेचा स्फोट असं करत नाही. आणि बॅरिंजरला लोखंड का मिळालं नाही तेही कळलं. इतक्या वेगाने आदळलेली उल्का शाबूत राहतच नाही, तिचा बहुतेक भाग उडून जातो.

मग १९६० मध्ये त्याला आणि सहकाऱ्यांना तिथल्या दगडात कोएसाइट सापडलं. वाळूतल्या सिलिकावर भयानक दाब आला तरच हे खनिज बनतं. वाद संपला. आणि याचा अर्थ चंद्रापर्यंत पोचत होता. चंद्रावरची ती असंख्य विवरं बहुतेक अशाच धडकांनी झाली असणार. म्हणजे चंद्र समजून घ्यायचा तर आधी ॲरिझोनाच्या उन्हात हातोडी घेऊन फिरायला हवं.

मेडिकल अनफिट

आता सगळं जुळून येत होतं. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी चंद्रावर माणूस उतरवायची घोषणा केली. त्याच वर्षी यूएसजीएसमध्ये जीनच्या पुढाकाराने खगोल-भूशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे तो फ्लॅगस्टाफला आला, कारण तिथे विवर, लाव्हाचे पट्टे, थंडावलेले ज्वालामुखी, दुर्बिणी, सगळं हाताशी होतं. जानेवारी १९६३ मध्ये नऊ अंतराळवीर तिथे आले. त्यांच्यात नील आर्मस्ट्राँगही होता. जीनने त्यांना मीटिओर क्रेटर दाखवलं.

आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी त्याला सांगितलं, ॲडिसन्सचा आजार आहे. यात मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी पुरेशी संप्रेरकं तयार करत नाहीत. औषधं घेऊन माणूस नीट जगतो, काम करतो. पण अंतराळवीर? प्रश्नच मिटला. गंमत बघा, चंद्राची घोषणा करणाऱ्या केनेडींनाही हाच आजार होता. त्यांनी तो लपवला होता. आजार घेऊन देश चालवता येत होता, चंद्रावर मात्र जाता येत नव्हतं.

एनडीएच्या मेडिकलमध्ये बाहेर पडलेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीचा असेल. सगळं जमलेलं असतं आणि एका रिपोर्टवर गाडी थांबते. चूक कुणाचीच नसते, म्हणून राग तरी कुणावर काढणार? जीनने तर पंधरा वर्षं हे एकच स्वप्न सांभाळलं होतं.

पुढे त्याच्यावर एक अवघड काम आलं. वैज्ञानिकांमधून अंतराळवीर निवडायच्या समितीचा अध्यक्ष जीन. म्हणजे ज्या जागेवर आपण बसायचं होतं, तिथे कोण बसणार हे ठरवायला मदत करायची! १९६५ मध्ये सहा जण निवडले गेले. त्यांतला हॅरिसन श्मिट फ्लॅगस्टाफला जीनच्याच संस्थेत काम केलेला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून तो चंद्रावर उतरला. चंद्रावर चाललेला पहिला भूशास्त्रज्ञ. जीनला जे व्हायचं होतं, अगदी तेच.

दोन हजार डॉलरची गाडी

दरम्यान वाळवंटातली शाळा जोरात होती. अंतराळवीर मुळात वैमानिक. त्यांना नुसता दगड उचलायला नाही, तर शेकडो दगडांतून नेमका कोणता उचलायचा हे शिकवायचं होतं. मग दोघांना अनोळखी जागी सोडायचं. त्यांनी रेडिओवरून दिसतंय ते वर्णन करायचं आणि दूर बसलेल्या भूशास्त्रज्ञाने फक्त ऐकून नकाशा काढायचा. वर्णन गंडलं की नकाशा गंडला.

चंद्रावर गाडी न्यायचं ठरलं तेव्हा नवी अडचण आली. खरी रोव्हर इतकी हलकी, जेमतेम २१० किलोची, की पृथ्वीवर दोन माणसं बसली असती तर ती कामातूनच गेली असती. चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं, म्हणून तिथे चालते. मग सराव कशावर? फ्लॅगस्टाफच्या लोकांनी सुमारे दोन हजार डॉलरमध्ये, तीनेक महिन्यांत, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये एक गाडी जोडली. नाव ठेवलं ग्रोव्हर. अपोलो १५, १६ आणि १७ चे अंतराळवीर तिच्यावर शिकले. एक प्रकारचा जुगाडच म्हणा ना!

पण तोवर जीन अपोलोतून बाहेर पडला होता. पहिल्या मोहिमांमध्ये भूशास्त्राची जबाबदारी त्याच्याकडे होती. झेंडा रोवण्याची घाई जास्त आणि विज्ञानाला वेळ कमी, हे त्याला पटेना. त्याने ते उघड बोलून दाखवलं आणि कॅलटेकमध्ये शिकवायला गेला. म्हणजे हा काही ‘सगळं हसत सहन केलं’ टाइप हिरो नाही. तो चिडायचा, भांडायचा. काम मात्र सोडायचा नाही.

पुढची वर्षं त्याने आकाशातून येणारे दगड शोधण्यात घालवली. सोबत बायको कॅरोलिन. तिचं शिक्षण इतिहास आणि राज्यशास्त्रातलं. मुलं मोठी झाल्यावर, पन्नाशी उलटल्यावर ती या कामात शिरली आणि ३२ धूमकेतू शोधले. आर्ट्सवाल्यांनो, हे लिहून ठेवा. मार्च १९९३ मध्ये या दोघांना आणि डेव्हिड लेव्हीला जो धूमकेतू सापडला, त्याचे तुकडे जुलै १९९४ मध्ये गुरूवर आदळले. उमटलेले काही डाग पृथ्वीएवढे होते. जीन आयुष्यभर जुन्या धडकांच्या खुणा वाचत आला होता, इथे जगाने धडक लाइव्ह पाहिली.

शेवटचा प्रवास

विवरं शोधायला दोघं दरवर्षी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जायचे. १८ जुलै १९९७ ला तिथल्या तनामी रस्त्यावर त्यांच्या गाडीला समोरून येणाऱ्या गाडीची धडक बसली. जीन जागीच गेला. कॅरोलिन जखमी झाली, पण वाचली.

नंतर त्याच्या सहकाऱ्यांनी धावपळ करून एक गोष्ट जमवली. जानेवारी १९९८ मध्ये निघालेल्या लूनार प्रॉस्पेक्टर यानात एक छोटी कुपी ठेवली गेली. तिच्यात जीनच्या थोड्या अस्थी होत्या, एक औंसभर. ३१ जुलै १९९९ ला ते यान ठरल्याप्रमाणे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळवण्यात आलं. चंद्रावर अस्थी पोचलेला तो पहिला माणूस. तिथल्या एका विवराला आता शूमेकर हेच नाव आहे.

वाळवंटातली शाळाही बंद पडली नाही. नासा आजही त्याच परिसरात रोव्हर, स्पेससूट आणि राहण्याची घरं तपासते. २०११ मध्ये तिथे तपासलेल्या घराचा फुगवता येणारा वरचा मजला विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवला होता. हो, तुमच्याच वयाच्या पोरांनी. मे २०२४ मध्ये दोन अंतराळवीर पाठीवर सरावाचे स्पेससूट चढवून रात्रीच्या अंधारात तिथल्या लाव्हावर चालले, कारण चंद्राच्या ध्रुवावर सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो आणि सावल्या लांबच लांब पडतात.

आणि हे सगळं बघायला ॲरिझोनालाच जायला हवं असं नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तुम्हाला माहीत आहेच. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे मीटिओर क्रेटरहून मोठं. शिवाय ते आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये पडलंय आणि चंद्राचे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणून जगभरचे चंद्र-अभ्यासक लोणारला येतात. पुढच्या वेळी कॉलेजची ट्रिप तिथे गेली तर सरोवरासोबत सेल्फी काढाच. पण मग पाठ फिरवून काठावरच्या खडकाकडेही बघा. कुठे थर वर उचललेत, कुठे मागे दुमडलेत, ते शोधा. चंद्रावर जाऊ न शकलेल्या एका माणसाने तो कसा वाचायचा हे शिकवून ठेवलंय.