शॅम्पेनची सम्राज्ञी मादाम क्लिको

शॅम्पेनला जगाच्या बाजारपेठेत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत मादाम क्लिको यांचे नाव अग्रभागी आहे. बार्ब-निकोल यांचा जन्म १७७७ मध्ये फ्रान्समधील रँस येथे कापडव्यापाऱ्याच्या घरी झाला. १७९८ मध्ये त्या फ्रान्स्वा क्लिको यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. सासऱ्यांनी १७७२ मध्ये स्थापन केलेली वाइनची पेढी फ्रान्स्वा सांभाळत. १८०५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बार्ब-निकोल अवघ्या २७ वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. तत्कालीन फ्रेंच कायद्यानुसार विवाहितेला पतीच्या संमतीविना व्यापार करता येत नसे. विधवेला मात्र ती मुभा होती. सासऱ्यांचे मन वळवून त्यांनी पेढीची सूत्रे हाती घेतली.

नेपोलियनच्या युद्धांमुळे निर्यात ठप्प होऊन पेढी डबघाईला आली. मात्र १८१४ मध्ये युद्ध शमताच त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या आधी १०,५५० बाटल्या रशियाच्या बाजारपेठेसाठी गुपचूप रवाना केल्या. माल हातोहात खपला. १८१६ च्या सुमारास त्यांनी बाटल्या छिद्रे पाडलेल्या फळीत उलट्या ठेवून रोज थोड्या फिरवण्याची पद्धत आणली. त्यामुळे गाळ बाटलीच्या तोंडाशी जमून काढता येऊ लागला आणि वाइन नितळ झाली. ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्राने तयार झालेली फसफसती वाइनही याच परंपरेतली.

१८६६ मध्ये त्यांचे निधन झाले. फ्रेंच भाषेत विधवेला ‘व्हव’ म्हणतात. हा शब्द त्यांनी लपवला नाही, तर पेढीच्या नावातच गुंफला. ‘व्हव क्लिको’ हे नाव आजही बाटल्यांवर झळकते.