श्वास मोजणारा योगी

माझे वडील दरबारी गवई. पहाटे खर्जाचा रियाज करून घेताना त्यांचे लक्ष माझ्या गळ्यापेक्षा पोटाकडे अधिक असे. त्यामुळे दमसासाचे महत्त्व मला लहानपणीच कळले. गेल्या वर्षी वर्गातील एका मधुमेही मुलाने विचारले की, दमसास वाढला तर इन्सुलिन सोडता येईल का? तेव्हा मला आपल्या बडोद्याशी नाते असलेले स्वामी कुवलयानंद आठवले.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोईस झाला. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी शरीर कमावले. पुढे अंमळनेरला अध्यापन केले. १९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी भेटले आणि त्यांच्याकडून योगदीक्षा मिळाली.

गुरूवर श्रद्धा पूर्ण, पण जे अनुभवले ते तपासून पाहिल्याखेरीज लोकांना सांगायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली यांचे क्ष-किरणांनी परीक्षण केले. श्वासपटल किती वर चढते, पोटात दाब किती उतरतो, हे अनुमानाने नव्हे, यंत्राने पाहिले.

योगायोग असा की, त्याच १९२१ साली दूर टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट इन्सुलिनच्या शोधात गढले होते. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मधुमेही मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना मरणाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१९२४ साली गुणे यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हा सर्वत्र होती. त्यांनी तीही मोजून पाहिली. ती टिकली नाही, आणि तसे त्यांनी छापून सांगितले. प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे त्यांचे मत झाले. स्वतःच्याच विद्येविषयीचा लाडका समज असा खोडून काढायला धैर्य लागते. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले.

आज डॉक्टर श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देतात. रोध असलेल्या छोट्या यंत्रातून श्वास ओढायला लावतात. मिनिटाला सहा इतका संथ श्वास घेतला, तर मधुमेहींच्या हृदयाचे मंदावलेले मज्जानियंत्रण तेवढ्यापुरते सुधारते, असेही आढळले आहे. मूत्रपिंडांचे मात्र वेगळे आहे. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवल्याने ती जपली जातात, हे सिद्ध आहे. केवळ श्वासाच्या सरावाने ती वाचतात, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

त्या मुलाला मी हेच सांगितले. खर्ज रोज लाव. त्याने सूर ठरेल, मन निवेल. पण सुई चुकवू नकोस आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून काही बदलू नकोस. तो थोडा हिरमुसला. मग मी त्याला स्वामीजींची ही हकीकत सांगितली. आता तो रियाजाला बसण्यापूर्वी आपली साखर मोजतो आणि वहीत टिपून ठेवतो. त्या वहीशेजारीच तानपुरा असतो.