चूक वैमानिकाची की विमानाची?

विमान कोसळले, की चौकशीच्या कागदपत्रांत एक ठरलेला शेरा येत असे: वैमानिकाची चूक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हवाई दलात अशा शेऱ्यांना तोटा नव्हता. शेरा मारला, की प्रकरण मिटे. वैमानिकाने चूक केली ती का केली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारी. १९४७ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहराजवळच्या राइट फील्ड या तळावरून दोन अहवाल प्रसिद्ध झाले आणि या शेऱ्याचा अर्थच बदलू लागला. अहवालांचे कर्ते रूढ अर्थाने अभियंतेही नव्हते आणि अपघाताचे तपासनीसही नव्हते. ते होते मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड जोन्स.

फिट्स यांचा जन्म ६ मे १९१२ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मार्टिन या छोट्या गावी झाला. टेनेसी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर ब्राउन विद्यापीठातून १९३६ मध्ये एम.एस. आणि रॉचेस्टर विद्यापीठातून १९३८ मध्ये पीएच.डी. असा त्यांचा शैक्षणिक प्रवास झाला. त्या काळातील त्यांचे संशोधन अगदी वेगळ्याच विषयावरचे होते. बक्षीस म्हणून मिळणारे अन्न बंद झाल्यावरही भुकेला प्राणी पूर्वीचीच कृती किती वेळ चिकाटीने करत राहतो, याचा ते अभ्यास करत होते. युद्ध झाले नसते, तर टेनेसी विद्यापीठात अध्यापन करत त्यांनी कदाचित याच वाटेवर आयुष्य काढले असते. पण १९४१ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले. प्रारंभी वैमानिकांची निवड आणि प्रशिक्षण याच कामात तेथील मानसशास्त्रज्ञ गुंतलेले होते. यंत्र आहे तसे स्वीकारायचे आणि त्याला शोभेल असा माणूस हुडकायचा, अशी ती पद्धत. १९४५ मध्ये राइट फील्डच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत मानसशास्त्र विभागाची सूत्रे फिट्स यांच्याकडे आली आणि प्रश्न उलटा मांडला जाऊ लागला. माणूस आहे तसा स्वीकारून यंत्र बदलता येईल का?

या प्रयोगशाळेत एक प्रयोग आधीच झाला होता. आल्फॉन्स चापॅनिस या तरुण अधिकाऱ्याने १९४३ मध्ये बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचा कॉकपिट पाहिला, तेव्हा चाके वर घेण्याचा खटका आणि पंखांचे फ्लॅप हलवण्याचा खटका शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे असल्याचे त्याच्या लक्षात आले. विमान उतरवल्यावर थकलेला वैमानिक फ्लॅपऐवजी चाकेच मिटवून घेई आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. चापॅनिस यांनी एका खटक्याला रबरी चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. हाताला न पाहता ओळखता येणारा हा फरक पुरेसा ठरला. (अनेक ठिकाणी या सुधारणेचे श्रेय फिट्स यांना दिलेले आढळते, ते बरोबर नाही.)

फिट्स आणि जोन्स यांनी केले ते काम अधिक व्यापक आणि अधिक कष्टाचे होते. त्यांनी वैमानिकांना गाठून एक साधी विनंती केली: कॉकपिटमधील एखादा दांडा किंवा खटका वापरताना स्वतःच्या हातून घडलेली, किंवा आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातून घडलेली चूक सविस्तर सांगावी. अशा ४६० हकिगती गोळा झाल्या. त्यांचे वर्गीकरण केले, तेव्हा निम्म्या चुका एकाच प्रकारच्या निघाल्या: हवा होता तो दांडा सोडून भलताच दांडा ओढला गेला होता. याचे कारण शोधायला लांब जावे लागले नाही. बी-२५ विमानात डावीकडून उजवीकडे थ्रॉटल, प्रॉपेलर आणि इंधनमिश्रण असा दांड्यांचा क्रम होता. सी-४७ मध्ये प्रॉपेलर, थ्रॉटल, मिश्रण. सी-८२ मध्ये मिश्रण, थ्रॉटल, प्रॉपेलर. एका विमानावर शेकडो तास घालवून दुसऱ्या विमानात बसलेल्या वैमानिकाचा हात सवयीने जुन्या जागी जाई. उपकरणे वाचण्यातल्या चुकांच्या २७० हकिगतींचा दुसरा अहवालही असाच बोलका होता. तीन काट्यांचा अल्टिमीटर वाचताना उंची एक हजार फुटांनी चुकणे, ही त्यात वारंवार आढळणारी तक्रार होती. ढगांमधून खाली येणाऱ्या विमानाच्या बाबतीत हजार फुटांचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

अनुभवी असो वा नवखा, जवळजवळ प्रत्येक वैमानिकाच्या हातून अशा चुका कधी ना कधी होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज तो सहज पटतो. शिस्तीच्या सैन्यात मात्र उत्तम वैमानिकही चुकतो आणि दोष आराखड्याचा असतो, असे मांडणे सोपे नसावे.

१९४९ मध्ये फिट्स ओहायो स्टेट विद्यापीठात आले आणि तेथे त्यांनी विमानविषयक मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांना माणूस आणि गुंतागुंतीची यंत्रणा यांच्यातील व्यवहार हा स्वतंत्र संशोधनाचा विषय म्हणून येथे शिकता येऊ लागला. खिडकीबाहेरच्या आकाशाकडे पाहणाऱ्या वैमानिकापेक्षा रडारच्या पडद्यासमोर बसलेला हवाई वाहतूक नियंत्रक आता महत्त्वाचा होऊ लागला होता. १९५३ मध्ये फिट्स आणि सीगर यांनी दाखवून दिले, की दिव्यांची मांडणी आणि हाताने करायच्या हालचालींची मांडणी एकमेकींशी जुळणारी असेल, तर माणूस जलद आणि बिनचूक प्रतिसाद देतो. चार बर्नरच्या शेगडीचे नेमके कोणते बटण फिरवायचे, असा घोळ ज्यांच्या स्वयंपाकघरात रोज होतो, त्यांना हे पटायला प्रयोगशाळेची गरज नाही. चापॅनिस यांनी १९५९ मध्ये नेमका शेगडीच्या बटणांवरच प्रयोग केला.

फिट्स यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला दस्तऐवज मात्र १९५१ चा आहे. हवाई मार्गदर्शन आणि वाहतूक नियंत्रणाची भावी यंत्रणा कशी असावी, याविषयी दहा तज्ज्ञांनी लिहिलेल्या अहवालाचे ते संपादक होते. माणूस कोणते काम यंत्रापेक्षा चांगले करतो आणि यंत्र कोणते काम माणसापेक्षा चांगले करते, याची एक छोटी यादी त्यात होती. क्षीण प्रकाश किंवा आवाज टिपणे, आकृतिबंध ओळखणे, ऐनवेळी मार्ग काढणे, दीर्घकाळच्या स्मरणातून नेमके आठवणे, तपशिलांवरून अनुमान काढणे आणि तारतम्य, ही सहा कामे माणसाच्या बाजूला. वेग, ताकद, कंटाळा न करता तेच ते करणे, गणित आणि एकाच वेळी अनेक कामे हाताळणे, ही यंत्राच्या बाजूला. ही यादी पाठ्यपुस्तकांतून इतकी फिरली, की 'फिट्सची यादी' हेच तिचे नाव झाले. तिच्यावर टीकाही झाली. माणूस आणि यंत्र परस्परपूरक असतात, त्यांची अशी तुलनाच करू नये, असे नेहेमाया जॉर्डन यांनी १९६३ मध्ये बजावले.

टीका रास्तच होती. पण यादीच्या प्रसिद्धीत अहवालातील दुसरी, अधिक मोलाची गोष्ट झाकोळली गेली. यंत्राने सगळे काम करावे, माणसाने नुसते लक्ष ठेवावे आणि यंत्र बिघडले की सूत्रे हाती घ्यावीत, ही व्यवस्था नीट चालेल असे गृहीत धरू नका, असा इशारा त्यात दिलेला होता. निष्क्रिय पहारा माणसाला जमत नाही. तासन्‌तास काहीच न घडणाऱ्या पडद्यापुढे तो पेंगतो, आणि जे काम रोज करत नाही त्याचा सरावही गमावतो. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात अटलांटिकवर रात्री वेगमापक नळ्यांत बर्फ साचले आणि ऑटोपायलट सुटला. वैमानिकांना परिस्थितीचा अंदाज आला नाही. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात कोसळले आणि २२८ जणांनी प्राण गमावले. अपघाताची कारणे अनेक होती. तरीही १९५१ चा तो परिच्छेद वाचलेल्या कोणालाही त्यातले एक कारण अनोळखी वाटले नसते.

१९५४ मध्ये फिट्स यांनी एक साधा दिसणारा प्रयोग प्रसिद्ध केला. धातूच्या दोन पट्ट्यांवर लेखणीसारख्या दांडीने आळीपाळीने टोकायचे, पट्ट्यांमधले अंतर आणि त्यांची रुंदी बदलत राहायची. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका वेळ अधिक, आणि हा वेळ लॉगॅरिथमच्या सूत्रात बसतो, असे त्यांना आढळले. हाच 'फिट्सचा नियम'.

१९५८ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात गेले. आर्थर मेल्टन यांच्यासमवेत त्यांनी उभारलेल्या मानवी कार्यक्षमता केंद्रातून पुढे नामांकित झालेले अनेक संशोधक बाहेर पडले. लक्ष या विषयावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे मायकेल पोस्नर यांनी १९६२ मध्ये तेथूनच पीएच.डी. घेतली. त्याच सुमारास फिट्स ह्यूमन फॅक्टर्स सोसायटीचे अध्यक्ष होते. मे १९६५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी त्यांचे अकस्मात निधन झाले. कौशल्य सुरुवातीला विचारपूर्वक, मग सरावाने आणि अखेर आपोआप कसे घडते, हे सांगणारे त्यांचे पुस्तक अर्धवट राहिले होते. ते पोस्नर यांनी पूर्ण केले आणि १९६७ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले.

संगणकाचा माऊस फिट्स यांच्या अभ्यासाचा विषय कधीच नव्हता. १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावरील शब्दाकडे बाण नेण्याच्या निरनिराळ्या साधनांची तुलना केली. माऊसला लागणारा वेळ फिट्स यांच्या नियमाप्रमाणेच निघाला, आणि तोही नुसत्या हाताला लागणाऱ्या वेळेच्या इतका जवळ, की याहून फारसे वेगवान साधन शोधण्याला वाव उरला नव्हता.